अद्भुत कपाट: एका वाचनालयातल्या प्रकल्प नोंदी

२१ मे २०२५, बुधवार

काल पुण्यात जयंत नारळीकर गेले. आज सकाळी वाचनालयाचं शटर वर करते तोच पायरीवर एक आजोबा आणि त्यांचा सातवीत जाणारा नातू उभे. मुलाच्या हातात पेपरमधला फोटो, घडी घातलेला. "ताई, ह्यांचं गोष्टीचं पुस्तक आहे का?"

बालविभागात नव्हतं. कादंबऱ्यांच्या कपाटातही नव्हतं. 'यक्षांची देणगी' आपल्याकडे आहे हे मला पक्कं माहीत होतं, म्हणून दाखल नोंदवही काढली. पुस्तक निघालं 'विज्ञान' लिहिलेल्या कपाटात, अगदी वरच्या कप्प्यात, जुन्या रसायनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांना टेकून. स्टुलावर चढून काढलं. मागच्या तारीखपट्टीवर शेवटचा शिक्का २०११ सालचा.

चौदा वर्षं हे पुस्तक मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर आलंच नाही. मला फार वाईट वाटलं. कपाट मीच लावलेलं आहे.

पुस्तक देताना मुलाला एक गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात लिहून घेतलेली. तिला बक्षीस मिळालं आणि मग कळलं की हे नारळीकर. मुलगा नोंदणीच्या टेबलावर बोटानं अक्षरं काढत बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "ना-वि-ज. उलटं केलं की ज-वि-ना. जयंत विष्णू नारळीकर!" त्याला मी हे सांगितलं नव्हतं.

तिथंच ठरवलं. नऊ ते तेरा वयाच्या मुलांसाठी एक वेगळं कपाट करायचं. अद्भुत कथा, जादूच्या कादंबऱ्या, विज्ञानकथा, सगळं एका ठिकाणी. विकत घेणं नंतर. आधी आपल्याच घरात काय काय दडलंय ते शोधायचं.

३० मे, शुक्रवार

यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. मागच्या खोलीत ओल येते म्हणून तिथलं सगळं बाहेर काढावंच लागणार होतं, तेवढं निमित्त झालं. चार दिवस नोंदवही पहिल्या पानापासून वाचते आहे.

पुस्तकं कुठे कुठे सापडली ते लिहून ठेवते. नारळीकर 'विज्ञान'मध्ये. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न 'अनुवादित'मध्ये, तिथं त्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्यांच्या हेरगिरीच्या जाडजूड कादंबऱ्या. 'हॅरी पॉटर आणि परीस' कादंबऱ्यांच्या कपाटात. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे ह्यांच्या विज्ञानकथा काही विज्ञानात, काही कथासंग्रहांत. रत्नाकर मतकरींची 'अलबत्या गलबत्या' नाटकांच्या गठ्ठ्यात सुतळीनं बांधलेली. 'चांदोबा'चे बांधीव अंक माळ्यावर.

चूक कुणाची म्हणावी? वर्गांक, म्हणजे पुस्तक कुठल्या विषयात बसतं ते सांगणारे क्रमांक, बरोबरच आहेत. अनुवाद हा अनुवाद आहे आणि नाटक हे नाटक आहे. पण दहा वर्षांचं मूल वर्गांक शोधत येत नाही. ते येतं आणि म्हणतं, "राक्षसाचं आहे का?" किंवा "अंतराळाचं आहे का?" ह्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे पाच कपाटांत विखुरलेलं होतं. बालविभागात मात्र सगळी चित्रांची पातळ पुस्तकं, बोधकथा आणि थोरांची चरित्रं. म्हणजे तिसरीपर्यंत मूल आमच्याकडे रमतं आणि नंतर त्याच्यासाठी एकदम मोठ्यांच्या कादंबऱ्यांचं दालन उघडतं. मधली पायरीच नाही. मुलं पाचवी-सहावीत वाचनालय सोडतात तेव्हा आपण मोबाइलला दोष देतो. ही पायरी नसणं हे त्याचं एक मोठं कारण आहे, असं मला आता वाटायला लागलंय.

१६ जून, सोमवार

शाळा आजपासून सुरू. कपाट खिडकीजवळ हलवलं. वरचे दोन कप्पे रिकामे ठेवले. मुलांचा हात जिथवर पोचतो तिथवरच पुस्तकं. पाटीवर काय लिहायचं ह्यावर बरीच चर्चा झाली. वाचनालयात रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांचं मत, विज्ञानकथा आणि जादूच्या कथा एकत्र ठेवू नयेत. एकीत 'असं होऊ शकेल का' हा प्रश्न असतो आणि तो सुटावा लागतो, दुसरीत तसं बंधन नसतं. त्यांचं म्हणणं खरं आहे. पण मुलं एका दमात दोन्ही वाचतात आणि फरक त्यांचा त्यांना कळतो, हे मी बघितलंय. शेवटी पाटीवर एकच शब्द रंगवला: 'अद्भुत'.

कुठलं पुस्तक ठेवायचं हे ठरवणार कोण? मला इथं एक जुना किस्सा आठवला. १९३६ साली लंडनमधल्या स्टॅन्ली अन्विन ह्या प्रकाशकाकडे टॉल्किनच्या 'द हॉबिट' ह्या अद्भुत कादंबरीचं हस्तलिखित आलं. त्यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिलं. अभिप्राय लिहायचा एक शिलिंग मिळायचा. रेनरनं लिहून दिलं की पुस्तक चांगलं आहे, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. पुढच्या वर्षी ते छापून आलं.

दहा वर्षांच्या मुलाचं ऐकलं म्हणून ते पुस्तक जगाला मिळालं. आपणही तेच करायचं. परीक्षक मुलंच.

२६ जून, गुरुवार

काल दुपारी बाराला फ्लोरिडातून शुभांशु शुक्ला अवकाशात गेले. राकेश शर्मांनंतर, म्हणजे १९८४ नंतर, पहिल्यांदा एक भारतीय पृथ्वीच्या कक्षेत. आज ते अंतराळ स्थानकावर पोचले. संध्याकाळी वाचनालयात वीसेक मुलं, सगळी एकदम बोलत होती.

'चंद्रावर स्वारी' काढायला ह्याहून चांगला दिवस मिळाला नसता. भागवतांची मराठी वाचताना मुलांना क्षणभरही असं वाटत नाही की हे १८६५ सालचं फ्रेंच पुस्तक आहे. व्हर्ननंही आपल्या माणसांना फ्लोरिडातूनच उडवलंय. ते वाचल्यावर एक मुलगी उठून नकाशाकडे गेली आणि कालची जागा आणि पुस्तकातली जागा किती लांब आहेत ते वितीनं मोजून आली. राज्य एकच, एक पूर्व किनाऱ्याला आणि एक पश्चिमेकडे.

मग प्रश्न आला, "तोफेतून माणूस उडवला तर तो मरणार नाही का?" गुरुजी पेपर बाजूला ठेवून फळ्याकडे गेले. व्हर्नचा वेग सेकंदाला १२ हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर. पृथ्वीची ओढ तोडायला लागतो ११.२. मुलं आ वासून बघत होती, कारण हे आकडे दीडशे वर्षांपूर्वी कागद-पेन्सिलीवर काढलेले. पण तोफेची लांबी फक्त ९०० फूट. तेवढ्या अंतरात तो वेग गाठायचा तर आतल्या माणसावर येणारा दाब त्याच्या वजनाच्या सुमारे बावीस हजार पट. गुरुजींनी फळ्यावर आकडा लिहिला आणि खडू खाली ठेवला. सगळी गप्प. मग मागून आवाज, "म्हणजे व्हर्न चुकला?" गुरुजी म्हणाले, "वेग बरोबर, तोफ चूक. आणि तू हा प्रश्न विचारलास तो त्यानं गोष्ट लिहिली म्हणून."

विज्ञानकथा ह्या वयाला का द्यायची ह्यावर मला ह्यापलीकडे काही सांगायचं नाही.

५ जुलै, शनिवार

पुस्तकं जातायत, पण अर्धी वाचून परत येतायत. विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "छान होतं." मुलं आपलं मन दुखवत नाहीत. त्यामुळे आजपासून नवीन पद्धत. जुन्या लग्नपत्रिका कापून खुणेच्या चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक पुस्तकाबरोबर एक. पुस्तक सोडलं तर चिठ्ठी जिथं सोडलं त्याच पानात राहू द्यायची आणि तिच्यावर एकच शब्द लिहायचा. नाव लिहायचं नाही. रागावणार कुणी नाही.

१५ जुलै, मंगळवार

शुभांशु शुक्ला सुखरूप परतले, यान प्रशांत महासागरात उतरलं. व्हर्नची माणसंही शेवटी प्रशांत महासागरातच पडतात. हे मी सांगायच्या आधीच चौथीतली एक मुलगी धावत येऊन मला सांगून गेली. ही तीच, नकाशावर वीत ठेवणारी. तिला आता व्हर्नच्या पाणबुडीवाल्या कॅप्टन नेमोबद्दल सगळं हवंय. पाणबुडीच्या पुस्तकात तो कोण, कुठला हे व्हर्न सांगत नाही. पुढच्या कादंबरीत उघड होतं की कॅप्टन नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर, १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेला. हे सांगितलं तेव्हा ती दोन्ही हात टेबलावर ठेवून म्हणाली, "आपला आहे तो?" एवढा आनंद मी फार दिवसांत कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नव्हता.

१९ जुलै, शनिवार

चिठ्ठ्या गोळा केल्या. सतरा. सगळ्या टेबलावर पुस्तकांप्रमाणे मांडल्या.

मला वाटलं होतं मुलं अवघड विज्ञानापाशी अडत असतील. कृष्णविवर, प्रकाशाचा वेग, काळ मंदावणं. तसं एकही पान निघालं नाही. जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या वीस पानांत. आणि शब्द कोणते? 'नावं'. 'नावं'. 'कोण?' 'लांब'. 'वर्णन'. एकावर 'परत नावं'.

मराठी 'हॉबिट'मधल्या तिन्ही चिठ्ठ्या पहिल्याच प्रकरणात. साहजिक आहे. गोष्टीचा नायक बिल्बो, त्याच्या दारात एकामागून एक तेरा बुटके येतात, बालिन-द्वालिन, फिली-किली, डोरी-नोरी-ओरी. इंग्रजीत त्या नावांची गंमत यमकात आहे. मराठी मूल मात्र आधी जोडाक्षर फोडतं, मग ऱ्हस्व-दीर्घ बघतं, तोवर पुढचा बुटका दारात. अद्भुत गोष्टीत मूल जादूला बुजत नाही. ते उंबऱ्यावर अडतं. एकदा आत गेलं की त्याला मागे वळून बघावंसं वाटत नाही. पण आत न्यायला पहिली वीस पानं कुणीतरी हात धरावा लागतो.

मग उपाय दोन. एक, कपाटातल्या प्रत्येक परक्या नावांच्या पुस्तकाला पुठ्ठ्याचा एक तक्ता जोडायचा: कोण, कुणाचा कोण, आणि चित्र. तक्ते मुलांनीच करायचे. तेरा बुटक्यांच्या टोप्यांचे रंग शोधायला आजच दोघं बसले. दुसरा, दर शनिवारी एका पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं मी मोठ्यानं वाचायची आणि थांबायचं. तिसरं प्रकरण ज्याला हवं त्यानं पुस्तक न्यावं.

आजचं वाचन नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'चं. ह्या कथेत डाव्या-उजव्याची अदलाबदल होते, आणि तिच्या मुळाशी मोबियसची पट्टी आहे. ती समजल्याशिवाय कथेची मजा अर्धीच. गुरुजींनी वह्यांना घालायचं पारदर्शक प्लास्टिक आणायला सांगितलं होतं. लांब पट्टी कापली, एका टोकाला अर्धा पीळ दिला, टोकं चिकटवली. पट्टीवर मार्करनं एक उजव्या हाताचा पंजा काढला. तसाच पंजा प्लास्टिकच्या लहान तुकड्यावर गिरवला आणि तो तुकडा सातवीतल्या त्या नारळीकरवाल्या मुलाच्या हातात दिला. पट्टीवरून बोटानं सरकवत न्यायचा, उचलायचा नाही, उलटायचा नाही. एक फेरी पूर्ण झाली. तुकडा मूळ पंजापाशी आला तेव्हा अंगठा दुसऱ्या बाजूला. डावा हात.

त्यानं पुन्हा केलं. पुन्हा डावा. "मी उलटवला नाही, ताई, शपथ." "माहितीये," गुरुजी म्हणाले, "जागाच तशी आहे." मग पट्टी मधोमध उभी कापली. दोन पट्ट्या होतील असं सगळ्यांनी हात वर करून सांगितलं होतं. झाली एकच, दुप्पट लांब. त्यानंतर कथा वाचली. सोंडेपाशी पोचलो तेव्हा कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

एक तक्रार आणि ती रास्त आहे. पाचवीतला मुलगा भागवतांनी मराठीत आणलेलं व्हर्नचं 'मुक्काम शेंडेनक्षत्र' घेऊन परत आला. "ताई, धूमकेतू एकदम पुढे गेला. मधलं काहीतरी राहिलंय." पान ३२ नंतर सरळ ४९. सोळा पानांचा आख्खा फर्मा बांधणीत गळलेला. नोंदवहीप्रमाणे हे पुस्तक कित्येक वर्षं आमच्याकडे आहे, अनेकदा घरी जाऊन आलंय, आणि हे सांगणारा हा पहिला वाचक.

दुसरी प्रत मागवायला विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आलं, "ही आवृत्ती संपलीये, दुसरं काहीतरी घ्या." एका घाऊक पुरवठादारानं त्याऐवजी बोधकथांचा संच पाठवला, मी तो परत केला. मुलानं धूमकेतू मागितलाय, त्याला धूमकेतूच मिळायला हवा. शेजारच्या तालुक्यातल्या वाचनालयात प्रत निघाली. तिथल्या ग्रंथपालबाईंनी सोळा पानं झेरॉक्स काढून एसटीच्या पार्सलनं पाठवली. आमचे बाइंडरकाका आता डोळ्यांमुळे काम घेत नाहीत, पण हे ऐकून दुकानात बसले. शिवण उसवली, झेरॉक्सची पानं मधोमध दुमडून घातली, पुन्हा शिवलं, खळ लावली. कागद पांढराशुभ्र, बाकीचं पुस्तक पिवळं. मुलाला ते फार आवडलं. म्हणाला, नवीन पानं कुठली ते सगळ्यांना दिसेल.

मराठीतली ह्या वयाची किती पुस्तकं अशी 'आवृत्ती संपली' म्हणून हातची जातात! नवीन लिहिलं जावंच. पण जे एकदा इतक्या जिवापाड मराठीत आणून ठेवलंय ते छापील स्वरूपात जिवंत राहायला हवं. १९०० साली 'केरळ कोकिळ' मासिकानं व्हर्नची चंद्रसफर मराठी वाचकांना दिली. तेव्हापासूनचा हा वारसा आहे, आणि तो माझ्या हातात येतो तेव्हा त्यातली सोळा पानं गळलेली असतात.

२३ ऑगस्ट, शनिवार

बुधवारी गणपती येतील, म्हणून आज मुलं कमी. जी आली ती मखराचा थर्माकोल शोधत आली आणि मग बसली.

आज मराठीत नसलेलं पुस्तक घेतलं. आमच्या एका जुन्या वाचकांची मुलगी न्यू जर्सीला असते. तिनं मागच्या सुट्टीत इंग्रजी पुस्तकांची एक पेटी दिली, त्यात अर्सुला के. ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' होती. १९६८ ची कादंबरी. बेटांचं जग, शेळ्या राखणारा एक आईवेगळा मुलगा, आणि त्याच्यात असलेली ताकद. मी रात्री एक प्रकरण वाचते आणि शनिवारी ते मराठीत सांगते. शब्दशः भाषांतर करत नाही, गोष्ट सांगते.

ह्या जगात प्रत्येक वस्तूचं आणि माणसाचं एक खरं नाव असतं. ते ज्याला ठाऊक त्याची त्या वस्तूवर सत्ता. म्हणून माणसं खरं नाव कुणालाच सांगत नाहीत. हाक मारायला दुसरं नाव. ह्या मुलाला सगळे ससाणा म्हणतात. खरं नाव गेड.

मला धास्ती होती की हे सगळं परकं वाटेल. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, "माझंपण आहे, ताई. नावरस नाव. पत्रिकेत लिहिलंय. आजी म्हणते बाहेर सांगायचं नाही." शेजारचा म्हणाला, "माझंपण." मग तिसरा. एका मुलानं सांगितलं की त्याच्या आईनं बारशाला ते नाव फक्त कानात सांगितलं होतं आणि त्याला स्वतःलाही ते यंदाच कळलं. सात मुलांत पाच जणांची दोन नावं. सगळी एकमेकांकडे अशी बघायला लागली जणू आत्ताच ओळख झालीये.

सांगायला शब्द शोधत होते तोवर माझ्या लक्षात आलं की मला काही जुळवायचं नव्हतंच. जे मी परदेशी म्हणून बिचकत आणलं होतं ते ह्या मुलांच्या पाळण्यापाशी आधीच होतं. ह्या पुस्तकाला नावांचा तक्ता लागणार नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

एका पालकांनी आक्षेप घेतला. जादूटोणा, चेटूक, काळी सावली, हे सगळं मुलांच्या डोक्यात कशाला? शिवाय परीक्षेला ह्याचा उपयोग काय? माणूस मनानं चांगला, काळजीपोटी बोलत होता. मी म्हटलं, दादा, आजचा दिवस बसा आणि ऐका.

आजचं प्रकरण नेमकं ते होतं जिथं गेड दुसऱ्या मुलाशी ईर्ष्येला पेटतो, आपली ताकद दाखवायला मेलेल्यांच्या जगाचं दार उघडतो आणि तिथून एक सावली सुटते. त्याला शिकवणारा सगळ्यात मोठा गुरू ते दार बंद करण्यात जीव गमावतो. गेडच्या चेहऱ्यावर वण राहतात. तो पुढे कितीतरी दिवस बोलू शकत नाही.

सांगून झाल्यावर ते गृहस्थ तसेच बसून होते. त्यांची मुलगी त्यांना म्हणाली, "बाबा, त्याला माहीत होतं करू नये, तरी केलं." ते म्हणाले, "होतं असं." एवढंच. पुढच्या शनिवारी येणार का विचारलं तर म्हणाले, दुकान बंद असलं तर येईन.

चांगल्या अद्भुत कथेत जादू फुकट मिळत नाही. तिची किंमत कुणीतरी मोजतं. कपाटात काय ठेवायचं, काय नाही हे ठरवताना मी आता हेच बघते. जिथं जादू म्हणजे नुसती सुटका, अडचण आली की कांडी फिरली, ते पुस्तक मुलंसुद्धा दुसऱ्यांदा नेत नाहीत.

'यक्षांची देणगी'ची तारीखपट्टी आज भरली. नवीन चिकटवली.

४ ऑक्टोबर, शनिवार

माळ्यावरचे 'चांदोबा'चे गठ्ठे शेवटी खाली आले. चार वर्षांचे अंक वाळवीनं खाल्लेले, बाकीचे ठणठणीत. सगळ्यात आधी त्यांच्यावर आजोबा मंडळी तुटून पडली. शंकर ह्या चित्रकारानं काढलेलं विक्रम-वेताळाचं ते चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, दिसताच एक सत्तरीचे गृहस्थ उभ्यानंच वाचायला लागले. त्यांतल्या क्रमशः कादंबऱ्या मात्र मुलांना मी आवर्जून दाखवते: मांत्रिक, राक्षस, गुहा, आणि दर महिन्याला उत्कंठेच्या टोकावर थांबणं. एकाच कादंबरीचे बारा-बारा अंक ओळीनं लावून ठेवलेत. महिनाभर थांबावं लागत नाही ह्याचा मुलांना आनंद, आणि आजोबांना थोडं वाईट.

'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं संगणकावर मोफत ठेवलेत, १९७१ पासूनचे. वाचनालयाच्या संगणकावर त्याची खूण करून दिली. नाथमाधवांची 'वीरधवल' एका आजोबांनी स्वतःची प्रत आणून दिली, पण भाषा ह्या मुलांना जड जाते. मोठ्यानं वाचायलाच घ्यावी लागेल. सिंहगडावर शिकारीला गेलेला एक तरुण कड्यावरून पडतो, पाय अधू होतात आणि मग तो कादंबऱ्या लिहायला लागतो, ही नाथमाधवांची स्वतःची कहाणी आधी सांगेन.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज वाचन प्रेरणा दिन. शाळेतून दोन वर्ग रांगेनं आले आणि कपाटाभोवती एवढी गर्दी झाली की पाटी दिसेना. नारळीकरवाला मुलगा दारात उभा राहून कुठलं पुस्तक कुठं आहे ते सांगत होता. स्वतःसाठी त्यानं 'वामन परत न आला' बाजूला काढून ठेवलं होतं. त्याच्याकडून मला आज कळलं की वर्गात मोबियसच्या पट्ट्यांची साथ आलीये, राखीच्या उरलेल्या फितीसुद्धा संपल्या.

दिवाळीआधी खरेदीची यादी द्यायची आहे. मागणी नोंदवही उघडली. एरवी तिच्यात मोठ्यांचीच अक्षरं असतात, ह्या वेळी दोन पानं मुलांची. अर्थसी मागच्या शनिवारी संपली. शेवटी गेड त्या सावलीला तिच्या नावानं हाक मारतो, आणि ते नाव त्याचं स्वतःचंच असतं. त्या वेळी कुणी हललं नव्हतं. घरी जाताना त्या चौथीतल्या मुलीनं विचारलं होतं, पुढचा भाग आहे का. आहे, मी म्हटलं, पण आपल्याकडे नाही, आणि तोही इंग्रजीतच.

नोंदवहीत तिनं पेन्सिलीनं लिहिलंय: 'अर्थसी भाग २. इंग्रजी चालेल. ताई सांगतील.'

न्यू जर्सीला आजच रात्री फोन करते.